क्लोजिंगचा धूर

बँकेच्या शाखेत टेबलावर तेव्हा काही वस्तू असायच्याच. टाचण्यांची डबी, स्टॅम्पपॅड, काचेचा पेपरवेट आणि ॲशट्रे. टेबलावर बसणारं माणूस सिगारेट ओढतं की नाही, हे बघून कुणी ॲशट्रे ठेवत नसे. तो समोरच्या खातेदारासाठी असायचा. ऐंशीच्या सुमाराला मी मुंबईत फोर्टमधल्या एका शाखेत कारकून म्हणून लागले, तेव्हा माझ्याही टेबलावर एक पितळी ॲशट्रे होता. शिपाई सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसून जागेवर ठेवायचा. खातेदाराला ‘बसा’ म्हणावं आणि तो त्याच्यापुढे सरकवावा, ही तेव्हाची रीत होती.

कोण काय ओढतो यावरून माणूस कळायचा. हेडकॅशियरची बिनफिल्टरची चारमिनार. तरुण कारकुनांची पनामा, आपल्या पार्ल्याच्या गोल्डन टोबॅकोची. पगार झाला की चार दिवस विल्स फिल्टर, महिनाअखेरीला चारमिनार. साहेबांच्या केबिनमध्ये गोल्ड फ्लेक. शिपाई मात्र विडी ओढायचा, तीही जिन्याखाली जाऊन. खालच्या पानवाल्याच्या टपरीला काथ्याची दोरी टांगलेली असे. तिचं टोक दिवसभर धुमसत राही आणि तिथं ओणवं होऊन सिगारेट शिलगावणाऱ्यांत साहेबही असत, शिपाईही असे.

खरा धूर मात्र क्लोजिंगचा. जून आणि डिसेंबर संपताना बचत खात्यांचं व्याज काढायचं, तेही हातानं, एकेक खातं घेऊन. सुटी व्हाउचरं उडू नयेत म्हणून पंखे बंद, खिडक्या लावलेल्या. रात्री नऊनंतर ट्यूबलाइटच्या खाली निळसर थर साचायचा आणि पलीकडच्या टेबलावरचा चेहरा अंधूक दिसायचा. आमच्या एका लेजरच्या पानाला वाटाण्याएवढं भोक पडलेलं मला अजून आठवतं. भोवती तांबूस जळकी कडा, मधला शिलकीचा आकडा गेलेला. तो आकडा बाजूला लाल शाईनं पुन्हा लिहिलेला आणि खाली अधिकाऱ्याची सही.

त्या रात्री मला प्रिय होत्या, आजही आहेत. बँकेच्या खर्चानं आलेले बटाटेवडे, कुणीतरी गुणगुणलेलं नाट्यगीत, दहा पैशांचा फरक सापडत नाही म्हणून एकाच लेजरवर वाकलेली पाच डोकी, आणि टॅली झाल्यावर उठलेला आरडाओरडा. आम्हा बायकांना शेवटच्या गाडीसाठी व्हीटीपर्यंत पोचवायला येणारे हेच लोक होते, ओठांत सिगारेट असलेले. त्यांच्याइतकी काळजी घेणारे सहकारी पुढे मला फार कमी भेटले.

आणि त्याच टेबलांमध्ये माझी एक मैत्रीण बसायची, जिला दमा होता. पदरानं नाक झाकून ती व्याजाचे रकाने भरायची. ढास लागली की उठून मागच्या दाराशी जायची, परत येऊन बसायची. ‘तिला धूर सोसत नाही’, असं सगळे म्हणायचे. खोट जणू तिच्यात होती. कधी तिनं धीर करून ‘जरा तिकडे धरता का?’ म्हटलं, तर समोरचा मनापासून ‘सॉरी हं ताई’ म्हणायचा आणि सिगारेट दुसऱ्या हातात घ्यायचा. धूर तिथंच राहायचा. त्याच्या मनात वाईट काही नसायचं. पण सोसणाऱ्यानंच मर्यादा पाळायची, हे सगळ्यांनीच धरून चाललेलं होतं.

ज्ञान नव्हतं असंही नाही. 1975 च्या कायद्यानं पाकिटावर इशारा छापणं बंधनकारक झालं होतं, पण तो ओढणाऱ्यासाठी. शेजारी बसणाऱ्याचं काय, याचं ठोस उत्तर 1981 साली जपानमधून आलं. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या 91 हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षांचा अभ्यास मांडला. भरपूर सिगारेटी ओढणाऱ्यांच्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. आमच्या शाखेत ही बातमी पोचलीच नाही.

आमच्याकडे सिगारेट पहिल्यांदा थांबली ती कॉम्प्युटरपुढे. रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर बँकांत यंत्रं येऊ लागली. आमच्या शाखेतही काचेची खोली झाली, एसी बसला, दारात चपला काढायची पाटी लागली आणि तिच्या शेजारी ‘धूम्रपान मना’. धुरानं यंत्र बिघडतं, म्हणून. हेडकॅशियर सिगारेट विझवून, चपला काढून आत जायचे, एक शब्दही न बोलता. माझी मैत्रीण बाहेरच्या धुरात खोकत होती. मला त्या पाटीचा तेव्हा आला होता तो राग अजून गेलेला नाही.

माणसांसाठी पाटी लागायला बराच काळ गेला. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयानं रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, सार्वजनिक कार्यालयं, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. मग 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी कामाची सगळीच ठिकाणं त्यात घेतली. दंड दोनशे रुपयांपर्यंत, आणि तिथं ॲशट्रे ठेवणंसुद्धा नियमाबाहेर. त्या वर्षी आमच्याकडचे पितळी ॲशट्रे मोडीत गेले. मैत्रीण त्याआधीच स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसली होती.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिच्या ऑफिसात आत कुणी काडी ओढत नाही आणि तिला त्याचं काही विशेषही वाटत नाही. तिची तक्रार वेगळीच. गेटबाहेरच्या टपरीवर सुट्टा ब्रेकला मॅनेजर आणि दोन-चार जण जमतात आणि कुठलं काम कुणाला द्यायचं ते तिथंच ठरतं. ‘मावशी, मी चहा घेऊन त्यांच्यात जाऊन उभी राहते’, ती म्हणते. म्हणजे नोकरीपायी धूर घेणं आलंच. गेटवरचा वॉचमन तर बारा तास तिथंच असतो. आणि छोटी दुकानं, गॅरेजं, गोदामं? 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे 30 टक्क्यांनी कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर नाकात जात असल्याचं सांगितलं. नियम येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

महाराष्ट्रात धूर ओढणारे त्याच सर्वेक्षणात चार टक्क्यांहूनही कमी निघाले, तंबाखू चघळणारे मात्र चोवीस. जिन्यांचे कोपरे बघितले की ते पटतं. पण तो निराळा विषय.

2008 च्या नियमांत एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. तक्रार कुणाकडे करायची, त्या माणसाचं नाव त्या जागी ठळकपणे लावायचं. तक्रार येऊनही त्यानं काही केलं नाही, तर दंड त्यालाही. माझ्या मैत्रिणीला नेमकं हेच हवं होतं : तोंडावर न बोलता ज्याच्याकडे जाता येईल असं एक माणूस. पेन्शनच्या कामाला कुठल्याही शाखेत गेले की मी ती पाटी शोधते. पुष्कळदा नावाचा रकाना कोरा असतो, नाहीतर कधीच बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव असतं. मग मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगते. परवा एकांनी ‘करून घेतो’ म्हटलं, तर मी पर्समधलं मार्कर काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उठून पाटीवर स्वतःचं नाव घातलं, खाली मोबाइल नंबरही.