९४ म्हणजे पास?

२०२१ चा रमजान नंदुरबारमध्ये ऑक्सिमीटरवर गेला. आमच्या गल्लीत एकच यंत्र, सहरीपासून तरावीहपर्यंत घरोघर फिरायचं. शेजारच्या खाला बोट पुढे करून विचारायच्या, "सर, ९४ म्हणजे पास ना?"

तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसऱ्या लाटेआधीच ऑक्सिजनचे प्लांट उभारले होते, त्यामुळे जिल्ह्याला मोठा आधार मिळाला. तरी ऑक्सिजन लावूनही काहींचा आकडा चढत नसे. हवा आत जातेय, मग अडतं कुठे?

फुप्फुसात हवेची आणि रक्ताची गाठ पडावी लागते. जिथे हवा पोचत नाही, तिथून रक्त रिकाम्या हाताने परततं. जिथे गुठळीने रक्त अडलं, तिथे हवा फुकट जाते. आकडा दोन्हींत घसरू शकतो. का घसरला, ते बोटावर कळत नाही.

रक्ताचा हा रस्ता कैरोत राहिलेल्या इब्न अन-नफीसने तेराव्या शतकात लिहून ठेवला: हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्र नाही, उजवीकडचं रक्त फुप्फुसातून फिरूनच डावीकडे येतं. (हार्वेचं पुस्तक १६२८ चं. उर्दूच्या तासाला मी हे मुद्दाम सांगतो.)

पण धाप लागलेल्या माणसात तो रस्ता बघायचा कसा? मोठ्या शिरेतून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नळी घालतात. ती १९७० पासूनची, आणि जोखमीची. आता छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून अगदी सूक्ष्म वीज सोडतात. हवा आणि रक्त विजेला वेगवेगळा अडथळा करतात, त्यावरून खाटेपाशीच चित्र उमटतं. इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी म्हणतात तिला. हवेचं चित्र चांगलं येतं. रक्ताचं नीट दिसायला मात्र अजून बहुधा शिरेतून खारट पाणी सोडावं लागतं. म्हणजे सुई सुटली नाहीच.

हे तंत्र सुधारावं असं मला वाटतं ते आमच्या सातपुड्यातल्या पोरांसाठी. इथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल बराच आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि मूल काही तासांत धापा टाकू लागतं. त्यात सिकलसेलमध्ये ऑक्सिमीटर फसवू शकतो, सावळ्या त्वचेवर कधी कधी जास्तच दाखवतो.

म्हणून धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पालकांना मी एवढंच सांगतो: सिकलसेलच्या मुलाला ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, तर आकडा ९४ असो की ९८, गाडी दवाखान्याकडेच वळवा.