मद्दो-जजर

जांब समर्थला समुद्र माहीत नाही. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे माझं गाव समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्हाला ते कापसाचं, तुरीचं, उसाचं आणि बारा महिने पाण्याची वाट पाहणारं गाव म्हणून ठाऊक आहे. गोदावरी तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून वाहते खरी, पण उन्हाळ्यात ती आम्हाला दिसायची ती वाळूच्या रूपात. आमचं पाणी म्हणजे पाटाचं पाणी. जायकवाडीच्या कालव्याला पाळी सुटली की आम्ही पोरं गांडूळ लावून गळ टाकत बसायचो. एखादा बोटभर मासा लागला तरी मोहल्ल्यात चार दिवस चर्चा.

त्यामुळे मद्दो-जजर हा शब्द मला समुद्राने शिकवला नाही, तो हालींनी शिकवला. मौलाना अल्ताफ हुसेन हालींचा १८७९ चा 'मुसद्दस' आम्हाला कॉलेजात होता. त्याचं पूर्ण नावच 'मद्दो-जज्रे-इस्लाम'. मद्द म्हणजे भरती, जजर म्हणजे ओहोटी. कौमच्या चढ-उतारावर मी परीक्षेत चार पानं लिहिली, चांगले गुण मिळवले. पाणी सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं म्हणजे नक्की काय होतं, हे मात्र मी पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं २०१९ नंतर. पवित्र पोर्टलवरून भरती झाली (पाहा, इथेही शब्द भरतीच!) आणि मला रत्नागिरी जिल्हा परिषदेची उर्दू शाळा मिळाली, मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठी. अब्बांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इत्ते दूर?" अम्मीने पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. मराठवाड्यातले माझ्यासारखे किती तरी गुरुजी कोकणात असेच पोहोचले आहेत. सुट्टी लागली की रात्रीच्या गाडीला गर्दी आमचीच असते.

शाळेत पहिल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. माझ्या घरी आम्ही दखनी बोलतो. या मुलांच्या घरी कोकणी बोलतात, आणि ती कोकणी म्हणजे मराठीच, कोकणी मुसलमानांच्या तोंडची. म्हणजे मराठीत रडणाऱ्या, मराठीत भांडणाऱ्या आणि मराठीत मासे विकणाऱ्या घरातल्या मुलांना मी, दखनी माणूस, उर्दूतून भूगोल शिकवणार. फळ्यावर 'मद्दो-जजर' लिहिलं तर सगळे गप्प. 'ज्वार-भाटा' म्हटलं तरी गप्प. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, भरती-सुकती ना ती?" आणि मग तासभर मीच विद्यार्थी. मुस्लिमांची भाषा कोणती, या विषयावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले आहेत. त्या परिसंवादांत ही मुलगी कुणाला भेटली असेल असं वाटत नाही.

त्या मुलीचा बाप माझा दोस्त झाला. बारा वर्षं कुवेतला काढून परतलेला, आता खाडीवर होडी चालवणारा, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणतो. तो मला मास्तर म्हणतो. जांब समर्थचं नाव ऐकल्यावर तो हसला होता. बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची गोष्ट त्याला माहीत होती. इथून जवळच महाड तालुक्यात शिवथरघळ आहे आणि दासबोध तिथे लिहिला गेला अशी परंपरा आहे. "तुमच्या गावची मानसं घरातून निघतात ती आमच्याकडंच येतात," तो म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्याने मला दिवसभरासाठी होडीत घेतलं. चाँदची सहावी का सातवी, म्हणजे हिंदू पंचांगाची शुद्ध अष्टमी. तारखेचं कारण आहे. खाडीवरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमी, म्हणून आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती भरणार, दुपारी बाराच्या सुमारास सुकती, संध्याकाळी पुन्हा सहा-साडेसहाला भरती. पुढच्या दिवशी पाऊण तास उशिरा. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला इथे भांग म्हणतात. हे मी बी.एड.च्या पाठात आकृती काढून शिकवू शकतो, पण ज्याच्या पोटाचा हिशेब त्यावर आहे त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. आपली चाँदतारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, तेवढं जोडून घ्यायचं. भाई दोन्ही पंचांगं एकाच वेळी डोक्यात चालवतो.

"उधानाला डोल लावतात, जाळ्यात पानी ढकलतं मासा," तो म्हणाला. "गरी टाकायची तर भांग पायजे. पानी जागेवर ऱ्हातं, गरी जागेवर ऱ्हाते."

फजरची नमाज झाली आणि निघालो. इंजीन होतं, पण त्याने ते सुरू केलं नाही. सुकती लागली होती, तीच आम्हाला बाणकोटच्या दिशेने नेत होती. आधी त्याने किनाऱ्यालगत पाग फेकली. गोल जाळं हवेत पूर्ण उघडून पाण्यावर पडतं, कडेच्या शिशाच्या गोळ्यांनी खाली बसतं आणि ओढताना मिटतं. त्यात कोळंबी आली, ती जिवंत डब्यात ठेवली. जिताड्याला मेलेलं आमिष चालत नाही म्हणे. मी फेकली तर जाळं वळकटीसारखं एका जागी धपकन पडलं. भाई काही बोलला नाही, फक्त पाग माझ्या हातून काढून घेतली.

दोन्ही बाजूंना कांदळवन, मधे करडं पाणी. ही नदी महाबळेश्वरी उगवते, महाडवरून उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. एका तीरावर रायगड जिल्हा, दुसऱ्यावर रत्नागिरी. वरच्या अंगाला म्हाप्रळसमोर आंबेत, माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचं गाव. माझा जालना जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादमधून वेगळा झाला तेव्हा मुख्यमंत्री तेच होते, हे मी भाईला सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. उलट त्याने मला माहीत नसलेलं सांगितलं. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी निघाले ते मुंबईहून बोटीने, आणि उतरले याच खाडीतल्या दासगाव बंदरात. महाडात परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. चवदार तळ्याच्या इतिहासात हे नाव एका ओळीत येतं आणि जातं. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ती एक ओळ असती तर मला शिकवायला आवडलं असतं.

आठपर्यंत गरीला दोन शिंगाळे आणि एक तांबोशी लागली. शिंगाळ्याच्या काट्याला हात लावू नकोस म्हणून मला आधीच ताकीद होती. मग बराच वेळ काही नाही. भाई म्हणाला, त्याच्या वडिलांच्या वेळी या जागी तासाभरात टोपली भरायची. वाळूच्या उपशाने खाडीचा तळ खरवडला गेला, वरून कारखान्यांचं पाणी येतं, एखाद्या सकाळी मासे उताणे तरंगताना दिसतात. हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. आमच्याकडे विहिरीला पाणी किती हात खाली गेलं हे सांगतात, तसं.

वळणावर त्याने उजवीकडे हनुवटी केली आणि म्हणाला, "इथं सापडली व्हती एक."

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बस आणि एक मोटार माणसांसकट पाण्यात गेली. नौदल आलं, तटरक्षक दल आलं, एन.डी.आर.एफ. आलं, आणि खाडीकाठच्या होड्याही उतरल्या. भाईची त्यात होती. त्या रात्री अमावास्या होती. पंधरा पाऊण सव्वाअकरा. पूल पडला तो मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे वरून पूर आणि खालून उधाण, दोन्ही पाणी एकमेकांवर. तिथीचा हिशेब तो त्या रात्रीवरही लावतो. काही प्रेतं खाडीच्या तोंडापर्यंत आणि पुढे समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली. त्याच्या होडीने आणलेल्या बाईच्या हातात हिरवा चुडा होता. कोण, कुठली, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे कित्येक महिने त्याने खाडीचा मासा तोंडात घातला नाही, विकलाही नाही. वल्हं मारत दुसऱ्यांची माणसं वाहून नेली. मी काय बोलणार? आम्ही दोघांनी फातेहा पढली. होडी आपली आपण सरकत होती.

दुपारी पाणी पार उतरलं. दोन्ही काठांना चिखलाचे पट्टे उघडे पडले, बायका कालवं काढायला उतरल्या. आम्ही होडी वाळूवर लावली, जोहर पढली, भाकरी आणि तळलेली तांबोशी खाल्ली. भाईने चुलीवर दोन चिंबोऱ्याही भाजल्या. तो शाफई, मी हनफी. खेकडा त्याला जायज, मला नाही. दर वेळी तो एक नांगी माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "बघ मास्तर, जातो मौका." दर वेळी मी नको म्हणतो. एवढ्यावरून भांडणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्यात यावरून फक्त त्याचा वाटा वाढतो.

तिथेच मी त्याला सांगितलं की आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरला आहे. अब्बा पंचाहत्तरीला आले. रामनवमीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान ते अजून लावतात, पण मागच्या वर्षी पेट्या उतरवताना पडले. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. मी एकुलता एक.

तो बराच वेळ आगीत काटकी हलवत राहिला. मग म्हणाला, "अध्यक्ष म्हनून बोलू का दोस्त म्हनून?"

मी म्हटलं, दोन्ही.

"अध्यक्ष म्हनून सांगतो, जाऊ नको. सतरा पोरं हायत. दोन मास्तर. तू गेलास तर येक. मग कोन म्हनेल, येका मास्तरावर कशाला शाळा, न्या पोरं दुसरीकडं."

हा हिशेब मलाही ठाऊक होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली आणि समूह शाळांची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या गावात कुणी मूल इंग्रजी शाळेत घातलं की ती बातमी होते. ज्यांचे बाप आखातात आहेत ते इंग्रजी माध्यमाची फी भरू शकतात. उरतात ती होडीवाल्यांची, मजुरांची मुलं, आणि त्यांतही मुली जास्त. मुलीला खाडीपलीकडच्या शाळेत रोज पाठवणारे बाप थोडे. भाईची स्वतःची मुलगी सातवीत आहे. 'भरती-सुकती' सांगणारी तीच.

"आनि दोस्त म्हनून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"मी बारा वरसं कुवेतला व्हतो. बापाला माती द्यायला पोचलो नाय," तो म्हणाला, आणि चुलीवर पाणी ओतलं.

पाणी फिरलं तसे आम्हीही फिरलो. आता भरती आम्हाला वर नेत होती. खडकाच्या एका कडेला त्याने होडी बांधली आणि जिवंत कोळंबी लावून गरी सोडली. चारच्या सुमाराला किनाऱ्यावरच्या मशिदीतून अस्रची अजान आली. ती शाफई वेळेची. माझ्या हिशेबाने अस्रला अजून अवकाश होता. तो होडीतच नमाजला बसला आणि दोरी माझ्या हातात दिली. त्याच वेळी ओढ लागली.

पाटातल्या बोटभर माशावर वाढलेल्या माणसाला ती ओढ काय सांगू. दोरी तळहात कापत गेली. भाई नमाजात, त्याला हाक मारता येईना. मी पाय फळीला लावून धरून राहिलो, सोडायची तेवढी सोडली, ओढायची तेवढी ओढली. सलाम फेरून तो वळला आणि म्हणाला, "खेचू नको, थकू दे त्याला." मग दोघांनी मिळून तो वर घेतला. जिताडा. चंदेरी, पाठ काळसर, अंधारात चमकावे तसे डोळे. भाईने हातानेच अंदाज केला, साडेतीन किलो.

"हा गोड्या पान्याकडं वाढतो," तो म्हणाला, "आनि अंडी घालायला खाली खाऱ्यात जातो. पोरं परत वर येतात. याची बी बदली व्हते, मास्तर." आम्ही दोघेही हसलो. तो आधी थांबला.

जिताड्याला इथे भाव चांगला येतो. मला वाटलं तो विकेल, डिझेल तरी निघेल. बंदरात दोन गिऱ्हाइकं थांबलीही होती. त्याने कुणाला हात लावू दिला नाही. सुरीने मासा मधोमध कापला, डोक्याकडची बाजू पानात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. मघरिबनंतर अब्बांचा फोन आला. मासा किती मोठा, काटे किती, कोणत्या मसाल्यात करतात, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "उसको आधा देना मत भूल."

"उन्होंनेच आधा दिये, अब्बा," मी म्हटलं.

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, यादी कधी लागणार आहे.