हेड उतरवण्याआधी

चि. बाळास,

फोनवर तू म्हणालास, मिस्त्री म्हणतोय ट्रकची हेड गॅसकेट गेली, पुढच्या आठवड्यात हेड उतरवतो आणि एका दिवसात गाडी देतो. त्यातलं ‘एका दिवसात’ मला खटकलं, म्हणून लिहायला बसलो. शिवाय फोनवर ऐकलेले आकडे राहत नाहीत. कागद गॅरेजात खिशातून काढून मिस्त्रीसमोर धरता येतो.

गॅसकेट हा सगळ्या कामातला स्वस्त माल. ती आपण होऊन सहसा जात नाही, तिला कोणीतरी घालवतं. ते कोण, हे न शोधता नवी बसवलीस, तर पुढच्या हंगामात पुन्हा घाटातल्या एखाद्या वळणावर उभा राहशील.

आधी ती गेलीय का, तेच नक्की कर. तू दोन खुणा सांगितल्यास: रेडिएटरात बुडबुडे, आणि पाण्यावर तेलाचा तवंग. दोन्ही गॅसकेटच्या खुणा खऱ्या, पण दोन्हींचे दुसरे संशयितही आहेत. बुडबुड्यांचा संशयित म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर. तुझ्या कंप्रेसरच्या हेडला पाणी फिरत असेल तर त्याचीही एक छोटी गॅसकेट असते. ती फुटली की तो हवा थेट इंजिनाच्या पाण्यात ढकलतो. गाडी उभी करून टाक्या पूर्ण भरू दे. हवा सुटून कंप्रेसर मोकळा फिरायला लागला की बुडबुडे थांबले, तर हेडला हात लावू नकोस. तरी खात्री नसेल तर कंप्रेसरच्या पाण्याच्या नळ्या थोडा वेळ वेगळ्या करून बघा. इतक्याशा तपासणीला मिस्त्री कंटाळला तर दुसरा मिस्त्री बघ.

तवंगाचा संशयित ऑइल कूलर. तुझ्या इंजिनात तो ब्लॉकच्या बाजूलाच झाकणाखाली बसलेला असतो. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे कूलरला भोक पडलं की तेल पाण्यात जातं आणि चेंबरमधलं ऑइल मात्र बराच काळ स्वच्छ दिसतं. म्हणून डिपस्टिक बघ. ऑइल दुधाळ नाही आणि रेडिएटरात तेल आहे, असं असेल तर आधी कूलर काढून दाबावर तपासा. कूलर बदलण्याऐवजी हेड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. नवी गॅसकेट बसवूनही तवंग तसाच, आणि मग मालक-मिस्त्रीची भांडणं.

गॅसकेटच असेल तर सकाळच्या थंड इंजिनावर कळेल. झाकण लावून सुरू कर आणि रेडिएटरचा वरचा पाइप हातात धर. पाणी कोमट व्हायच्या आत पाइप टणक झाला आणि कंप्रेसर निर्दोष ठरलेला असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. सुरू करताना पांढरा धूर आणि पाणी रोज कमी, हेही त्याच बाजूचं. बाहेरून नुसता तेलाचा ओशटपणा असेल तर मात्र घाई नाही. पुसायचं, लेव्हल बघायची, हंगाम काढायचा.

तुझं इंजिन कमिन्सचं 6 बीटी, 5.9 लिटर. टाटा आणि कमिन्सनी 1993 मध्ये भागीदारी करून जमशेदपूरला ही इंजिनं बनवायला घेतली. हेच घराणं 1989 पासून अमेरिकेत डॉजच्या पिकअपला बसत होतं. साधं, दणकट, डिझेलचा पंप यांत्रिक. मीटर बंद पडायच्या आधी तुझी गाडी आठ लाख दाखवत होती, तरी एवढ्यावरून ती भंगारात काढू नये असं माझं मत. यात लायनर नाहीत, बोर थेट ब्लॉकमध्येच. सहा सिलिंडरांवर मिळून एकच लांब बिडाचं हेड. लांब हेड तापून वाकतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

गरम इंजिनाचे बोल्ट सोडू देऊ नकोस, रात्रभर थंड होऊ दे. सोडताना टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचून ठेवा. हेड पन्नास किलोच्या आसपास भरतं. चेन ब्लॉक लावा, मर्दुमकी नको. नोझलची टोकं हेडच्या तळाबाहेर येतात, म्हणून ती आधी काढा, नाहीतर हेड लाकडी ठोकळ्यांवर ठेवा.

आणि जुनी गॅसकेट क्लीनरच्या हाती देऊ नकोस. उजेडात धर आणि वाच. सिलिंडरभोवतीचं पोलादी कडं कुठे जळालंय? दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर काळा ओघळ असेल तर गॅस तिथून पळत होता. हेडचा नेमका तोच भाग तपासायचा. पाण्याची भोकं गंजून मोठी झाली असतील तर रेडिएटरात ओतलेलं तुझं बोअरवेलचं पाणी बोलतंय. त्या चिंचोळ्या पट्टीवर किती जोर असतो याचा अंदाज घे: तुझ्या टायरात आठ बारच्या आत-बाहेर हवा असते, सिलिंडरात जळताना दाब शंभर बारच्या वर जातो.

मग मोजणी. स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवून खालून फीलर गेजची पत्ती घालून बघायची. हेडवर आणि ब्लॉकवरही! ब्लॉक मोजायचा सगळ्यांना कंटाळा. मॅन्युअलमधली हद्द ओलांडली असेल तरच फेस मारा, आणि त्याआधी हेड दाबाखाली पाण्यात तपासून घ्या, कारण व्हॉल्व्हच्या दोन सीटांमधल्या बारीक क्रॅक डोळ्यांना दिसत नाहीत. फेस मारला की व्हॉल्व्हची खोली कमी होते. सीट पुन्हा कापून ती जागेवर आणावी लागते. हे लेथवाल्याला तोंडी सांगू नकोस, चिठ्ठीवर लिहून दे.

हेड उघडं असताना मिस्त्री म्हणेल, शेट, रिंग-पिस्टन पण करून टाकू. बोरमध्ये होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसताहेत का बघ. वरच्या काठाला नख अडकण्याइतकी कड नसेल आणि आजवर ब्रीदरमधून धुराचा लोट येत नसेल, तर खालचं काम करू नकोस. पैसे वाचतील, आणि चालत्या बेअरिंगला उगाच कोणी हात लावणार नाही.

ब्लॉकचा वरचा भाग साफ करताना ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावू देऊ नकोस. चकतीची बारीक कच तेलात उतरते आणि बेअरिंग खाते. पत्तीने हाताने खरवडा, भोकांत फडकी कोंबून. बोल्टची भोकं हवेने कोरडी करा. बंद भोकात तेल-पाणी साठलं तर बोल्ट खोटा टाईट लागतो, कधी ब्लॉकही फुटतो. गॅसकेट कोरडीच बसते, सल्युशन नको.

बोल्ट 26, आटे आणि डोक्याखाली तेल लावून. मध्यापासून बाहेर गोल-गोल जात आधी सगळे 90 न्यूटन-मीटर, मग फक्त सहा लांब बोल्ट 120, आणि शेवटी प्रत्येकाला आणखी 90 अंश, म्हणजे पाव फेरा. ‘माझा हातच टॉर्क आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात मी मानतो, पण नटाला. हेडच्या बोल्टला नाही. टॅपेटची फट थंड इंजिनावर, इनलेट 0.25 मिमी आणि एक्झॉस्ट 0.50.

आता गॅसकेटचे मारेकरी. रेडिएटर उलट्या प्रवाहाने धुवायला दे. पंप कोणी वाढवला असेल तर तो मूळ सेटिंगवर आण. जास्त डिझेल म्हणजे घाटात जास्त उष्णता. थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघ. गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे रीत आहे. पण या इंजिनात 83 अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट पाण्याचा आतला आडमार्गही बंद करतो. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरत राहतं आणि चढावर काटा वर जातो. बोअरवेलचं पाणी बंद कर. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, हळूहळू, हवा निघू देत भर.

पहिली खेप कांद्याची भरलेली नको. रिकामी गाडी खंबाटकी चढवून आण, थंड झाल्यावर पाण्याची लेव्हल बघ, मगच लासलगावला लाव. ताईला सांग, मुलीचं कॉलेजचं काम झालं की मी येतो, तोपर्यंत गुडघ्याला तेल चोळत राहा म्हणावं.

तुझा
मामा