अंग टाकायला जागा

उपनगरातल्या माणसाला जागेचं माप तोंडपाठ असतं. घाटकोपरच्या चाळीत किंवा मुलुंडच्या वन-रूम-किचनमध्ये पाहुणे आले की गाद्या कशा आडव्या घालायच्या, कोणाचे पाय पलंगाखाली सरकवायचे, हे त्याला लहानपणीच कळलेलं असतं. म्हणूनच की काय, सह्याद्रीतल्या मुक्कामाला तो सहसा बिचकत नाही.

शनिवार-रविवार जोडून आले की रात्री उशिराच्या कसारा लोकलमध्ये ही मंडळी दिसतात. पाठीवर सॅक, सॅकला बांधलेली मॅट, पायांत आधीच बूट. मुलुंडकरांची ही घरचीच लाइन. बोरिवलीकराला दादरला गाडी बदलावी लागते. अंधेरीकराला २०१४ पासून घाटकोपरची मेट्रो आहे, अर्थात शेवटची मिळाली तर! कसाऱ्याला उतरून उजाडेपर्यंत जीपची वाट पाहायची, तर पहिला मुक्काम फलाटावरच पडतो.

पुढचे मुक्काम मात्र ऐटीचे. हरिश्चंद्रगडावर पिढ्यान् पिढ्या ट्रेकर देवळाजवळच्या गुहांत झोपत आले. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी, आणि जरा चालून गेलं की कोकणकडा. सुधागडावर पंतसचिवांचा वाडा आहे. भोरच्या सचिवांच्या वास्तूत चटई अंथरून झोपायचं, हा थाट शहरातल्या कुठल्या लॉजला परवडणार? भाडं नाही. आरसा नाही, उशीही नाही. उशीचं काम सॅक करते.

डोंगरात राहायची सोय तशी बोरिवलीला नवी नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्खूंच्या खोल्यांत दगडातच कोरलेले ओटे, बाहेर पावसाचं पाणी धरणाऱ्या पोढी, आणि भिंतींवर कल्याण, सोपारा अशा गावांच्या दात्यांचे शिलालेख. बिछाना दगडात, पाणी दारात, देणगीदाराचं नाव भिंतीवर. आता मात्र तिथून संध्याकाळी बाहेर पडावंच लागतं.

गुहेपेक्षा गावातल्या घराची गोष्ट निराळी. राजमाचीच्या पायाशी उधेवाडी, हरिश्चंद्रगडाखाली पाचनई, रतनगडाखाली रतनवाडी, सांदण दरीच्या काठी साम्रद. इथे पथारी पडते ती ओसरीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर. चढायला लागण्याआधी माणसं किती ते मावशींना सांगून जायचं. उतरेपर्यंत पिठलं, भाकरी, ठेचा तयार. आयत्या वेळी दोन डोकी वाढली, तर कपाळाला आठी न घालता त्या पुन्हा परात ओढतात. शहरातून आलेला पैसा थेट चुलीपाशी पोचण्याची अशी सोय दुसरी क्वचितच असेल. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीने तर काजव्यांच्या दिवसांत पाहुण्यांना गावातल्या घरांतच ठेवायची पद्धत बसवली.

याच काजव्यांपायी मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या बाजूला गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइटच्या झोतात काजवे दिसायचे कसे? धरणाकाठी रंगीत तंबूंच्या ओळी, मधोमध स्पीकर, आणि पाकिटातली बार्बेक्यू चव. एवढा प्रवास करून पुन्हा अंधेरीच्याच एखाद्या हॉटेलात बसल्यासारखं वाटावं, असा तो बेत. त्यापेक्षा साम्रदची ओसरी केव्हाही बरी. पहाटे कोंबड्याने अगदी कानाशी येऊन बांग दिली तरी चालेल.