हजेरीपुरती वारी

८ जून २०२० पासून खासगी ऑफिसांना १० टक्के माणसं बोलवायची परवानगी मिळाली. परवानगी, सक्ती नव्हे! आमच्या साहेबांनी मात्र तिचा हुकूम केला. लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना होती, म्हणून आम्ही डोंबिवलीत बसच्या रांगेत दोन-दोन तास. पोचून काय करायचं? घरी करत होतो तेच एक्सेल, आणि पलीकडच्या केबिनमधल्या साहेबांशी झूमवर मीटिंग!

माझा वैताग सोडा हो. रांगेत माझ्या मागे मेडिकलमध्ये काम करणारा पोरगा असायचा. त्याला जावंच लागायचं. बसमध्ये तेव्हा अंतर ठेवून मोजकीच माणसं घ्यायचे. माझ्या बिनकामाच्या हजेरीपायी त्याची बस चुकायची, त्याचं काय?

साहेब, काम मोजा, डोकी नको. तुमच्याकडेही तेव्हा हेच चाललं होतं का?