भीमाशंकरच्या रानातून भिगवणच्या काठापर्यंत

वाचकहो, भीमाशंकरला आपण दर्शनाला जाता, रांगेत उभे राहता आणि प्रसाद घेऊन परतता. पुढच्या खेपेस देवदर्शन आटोपले की गुप्त भीमेच्या वाटेने थोडे रानात शिरा. हातात काठी असू द्या. साप-किरडाची भीती आहेच, पण माझे काम वेगळे आहे. त्या काठीने झाडाखालचा पाचोळा उकरून पाहा.

वर कोरडी पाने, त्याखाली ओली, काळपट, जाळी पडलेली पाने, आणि त्याच्याही खाली पान कुठे संपले नि माती कुठे सुरू झाली हे ओळखूच येत नाही. हिरडा, जांभूळ, अंजनी, आंबा अशी झाडे इथे दाटीने उभी आहेत. या रानात कोणी युरियाची गोणी टाकलेली नाही की ट्रॉलीभर शेणखत ओतलेले नाही. पाऊस तर असा की जमिनीतला कस धुऊनच जावा. तरी रान हिरवेगार! पान पडले रे पडले की वाळवी, गांडूळ, बुरशी त्याच्या मागे लागतात, आणि त्यातून सुटलेले अन्न वरच्या थरात पसरलेली मुळे लगोलग उचलून घेतात. झाडाने टाकलेले झाडाच्याच पोटात परत जाते. भर पावसाळ्यात रात्री इथल्या कुजक्या फांद्या हिरवट उजेडाने चमकतात. आपली आजी त्याला भुताटकी म्हणाली असती. ती लाकूड कुजवणारी बुरशी आहे.

इथून निघालेली भीमा चासकमानच्या धरणात विसावते, राजगुरुनगरवरून खाली उतरते. तुळापूरला इंद्रायणी भेटते, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा मिळते. पुढे दौंड, सिद्धटेक आणि मग उजनीचे पसरलेले पाणी. ते धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा यशवंतसागर. गावेच्या गावे त्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून डोके वर काढते.

भिगवणजवळ कुंभारगाव किंवा डिकसळला जा आणि पहाटे होडीत बसा. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात माना घालून उभे असतात. मुले हरखून जातील. पण नजर होडीच्या कडेलाही असू द्या. मी गेलो तेव्हा वल्ह्याला हिरवा रंग चढावा असे पाणी होते, आणि एका खाडीत जलपर्णी इतकी माजली होती की होडी वळवून घ्यावी लागली.

होडीवाला म्हणाला, “साहेब, आधी नाना जातीची मासळी घावायची. आता जाळं ओढलं की चिलापीच जास्त. पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते.”

असे का होते? नायट्रेटच्या रूपातले नत्र मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर चालू लागते. स्फुरद मातीला घट्ट धरून बसते, म्हणून ते बांध फुटून वाहणाऱ्या गाळाबरोबर जाते. दोन्ही धरणात पोचले की शेवाळाचे पीक जोमात येते. ते मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासा गुदमरतो. रानातल्या पाचोळ्याने जे केले तेच इथे घडते. पण अन्न उचलून घेणारी मुळे मागे शेतातच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, घाण शहरांची आणि बोल आम्हाला! खरे आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी याच पाण्यात येते आणि त्याचा वाटा मोठा आहे. ते शुद्ध करूनच सोडा असे आपण ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण काठावरचा ऊसही पाहा. आडसाली उसाला एकरी १६० किलो नत्राची शिफारस आहे. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या झाल्या. तेही हप्त्याहप्त्याने. आपल्याकडे शेजाऱ्याने दहा टाकल्या म्हणून आपण बारा टाकतो, आणि वर पाट फोडून रात्रभर पाणी सोडतो. नोकरीच्या सुरुवातीला मीही गावोगाव गोण्यांचाच हिशेब सांगत फिरलो. पाचट पेटवू नका हे सांगायला मला फार उशीर झाला, याची रुखरुख आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत कुजले तर भीमाशंकरचा तो काळा थर तुमच्याच रानात तयार होऊ लागतो.

मायबहिणींना एक सांगायचे आहे. पाटाखालच्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे मानक आहे. त्याहून फार वाढले तर वरच्या दुधावरचे तान्हे बाळ निळे पडू शकते. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाटते. माती तपासायला द्याल त्याच फेरीत विहिरीचे पाणीही बाटलीत भरून न्या.

भिगवणला पुणे–सोलापूर मार्गावरची गाडी थांबते. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते मार्च बरे, पळसदेवच्या देवळासाठी मे महिना. भाकरी बांधून घ्या आणि पिण्याचे पाणी घरूनच न्या. होडीवाल्याच्या घरी आम्हाला चहा मिळाला. अंगणापासून हाकेच्या अंतरावर एवढा सागर पसरलेला, आणि चहाचे पाणी त्या माउलीने विकतच्या जारमधून ओतले.