नायट्रोला चार वेळा, पण आजीसोबत एकदा तरी!

पेणहून एक रस्ता खोपोलीकडे जातो. रोह्याहून निघालं की वाकण, पाली करत दुसरा रस्ता खोपोलीलाच येतो. या दुसऱ्या रस्त्यावर, खोपोलीच्या जरा अलीकडे, सांगडेवाडीला इमॅजिका आहे. २०१३ साली ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव ॲडलॅब्ज इमॅजिका होतं. पेणकर खोपोलीला पोचून पालीच्या रस्त्याला वळतात, रोहेकर पालीला बल्लाळेश्वराला हात जोडून पुढे येतात.

मित्रांनो, तिथल्या नायट्रोबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! तो रूळ उलटा कुठे होतो आणि पोटात गोळा कुठे येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. मला सांगायचंय ते बंदिस्त दालनातल्या खेळांबद्दल. उदाहरणार्थ 'रॉथ ऑफ द गॉड्स', म्हणजे देवांचा कोप. हा काही नुसता पडद्यावरचा सिनेमा नव्हे, बरं का. पाणी खरं, वारा खरा आणि आगही खरी! किंवा 'आय फॉर इंडिया' घ्या. त्यात भल्यामोठ्या पडद्यासमोर पाय अधांतरी लोंबकळत असतात आणि आपण भारतावरून उडत असतो.

आता तुम्ही म्हणाल, "मामा, एवढे पैसे भरून आत जायचं ते झुलायला. खोलीत काय बसायचंय?" आमच्या बंड्याचं अगदी हेच म्हणणं होतं.

आम्ही सात जण होतो. पेणहून माझी ताई, भावजी, चौदा वर्षांचा बंड्या आणि दहा वर्षांची मनू. रोह्याहून मी, माझी पाच वर्षांची चिमी आणि आजी. फाटकातून आत गेलो आणि दहा मिनिटांत आमचे तुकडे झाले. बंड्या बाबांना ओढत नायट्रोकडे पळाला. मनू उंचीच्या पट्टीपाशी टाचा उचलून उभी राहिली, तिथला दादा हसून म्हणाला, "टाचा खाली!" मग ती फुरंगटून आईबरोबर भलतीकडेच गेली. चिमीला लहान मुलांच्या पाळण्यांकडे न्यायचं होतं. आणि आजी? आजी बाकावर बसली, भोवती सात जणांच्या पिशव्या.

नीट आठवून पाहा, तुमच्याही सहलीत असं एक माणूस असतंच. तिकीट सगळ्यांसारखं, आणि काम पिशव्या राखण्याचं! दालनातल्या खेळाची खरी मजा इथे आहे. उंचीची पट्टी जिथे घर फोडते, तिथे असा एखादा खेळ सगळ्यांना एका छपराखाली आणतो. मात्र प्रत्येक दालनाबाहेर सूचनांची पाटी असते, ती आधी वाचायची. कुठे अंधार नि मोठे आवाज, कुठे हलणाऱ्या खुर्च्या. आजीला चालेल का, चिमी घाबरेल का, हे तिथल्या माणसाला सरळ विचारावं. त्यात लाजायचं काय?

पण हे जमवायचं कसं? इथे थोडं गणित करू या. समजा, एका झुल्यात एका खेपेला ३० जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी खेप सुटते. म्हणजे तासाला ६०० जण. तुमच्यापुढे ३०० माणसं असली तर अर्धा तास थांबायचं. रांग मुंगीच्या पावलानं का होईना, सरकत राहते. दालनातल्या खेळाचं तसं नसतं. समजा, आत १५० जण मावतात आणि खेळ दर अर्ध्या तासानं आहे. मग तुम्ही रांगेत दहावे असा की एकशेचाळिसावे, आत जाणार एकाच वेळी! पण एकशेएक्कावन्नावे असाल तर मात्र आणखी अर्धा तास उभे. म्हणून फार लवकर जाऊन फायदा नाही, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर पुरा अर्धा तास बुडतो. वेळ ठरलेली असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी पोचावं. सकाळी आत शिरताना त्या दिवसाच्या वेळा विचारून घ्याव्यात, आणि कुठला खेळ दुरुस्तीसाठी बंद आहे तेही.

वेळ निवडायची तर माझं मत भर दुपारचं. सकाळी ऊन कोवळं असतं, तेव्हा बंड्यासारख्यांनी मोठे झुले उरकून घ्यावेत. साडेबाराला सगळी जत्रा खानावळीकडे धावते; नेमका तेव्हा खेळ पाहावा. आमच्याकडे यावर तंटा झाला. आजी म्हणाली, "अरे, जेवणाच्या वेळी जेवायचं सोडून हे काय?" मग अकरा वाजता तिला इडली खायला घातली, आणि तह झाला.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. आपल्या रायगडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. विजा कडाडू लागल्या की उघड्यावरचे झुले थांबवतात आणि सगळे एकदम दालनांकडे पळतात. तेव्हा डोंगरावर ढग काळवंडले की छत्री शोधत बसू नका, सरळ रांग धरा.

उन्हातून एकदम अंधारात शिरलं की पहिली काही मिनिटं डोळ्यांना काहीच दिसत नाही. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ लहानांचा हात सोडू नये. चिमीनं आजीचा हात असा घट्ट धरला होता, की बांगडीचा वळ उठला! मनू मात्र भिंतींकडेच टक लावून होती. पेणची पोरगी ती. गणपतीच्या कारखान्यात साचे, घासकाम, रंग, डोळ्यांची आखणी पाहत वाढलेली. "मामा, हा दगड खरा नाही. साच्यातला असणार," ती कुजबुजली. तेवढ्यात पाणी आलं, वारा आला, आणि मग आगीची अशी झळ लागली की बंड्यासुद्धा आजीच्या मागे सरकला.

बाहेर आल्यावर आजीनं पदरानं चिमीचं तोंड पुसलं. बंड्या पुन्हा नायट्रोकडे पळाला. पिशव्या या वेळी भावजींच्या गळ्यात होत्या, कारण आजी आणि मनू पाटीपाशी उभ्या राहून 'आय फॉर इंडिया'च्या सूचना वाचत होत्या.